झाकणाखालचं पांढरं

१. बोनेटवर हात

वेळ अकराची ठरली होती. आम्ही साडेदहालाच पोचलो, कारण मामाच्या यादीतला पहिला मुद्दाच तो: विकणाऱ्याला गाडी गरम करून ठेवायला वेळ द्यायचा नाही. गार इंजिन लपवाछपवी करत नाही, तापलं की शहाण्यासारखं वागायला लागतं, असं त्याचं मत.

यादी म्हणजे बुटांच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा. मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, तीस वर्षं गॅरेज चालवत होता. गुडघ्यांनी संप केल्यावर गॅरेज बंद केलं आणि घरी बसून हे बावीस मुद्दे लिहून काढले. नातेवाईकांपैकी कोणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की मामा पुठ्ठा घेऊन हजर.

गाडी एका चार मजली इमारतीच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारांखाली उभी होती. राखाडी-निळी, छोटी, अकरा वर्षांची, एकाच मालकाची. मामाने बोनेटवर पालथा हात ठेवला, कपाळावर ठेवून ताप बघतात तसा.

"गार," तो म्हणाला आणि पहिली खूण केली.

१ आणि २ च्या मध्ये

गाडी मला हवी होती, आणि सोमवारच्या आत हवी होती. तो शनिवार होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडलेली, अर्धांगातून उठू पाहणारी माणसं. त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालायला लावायचं हे माझं काम. एका शुश्रूषा केंद्राने मला गावाबाहेरचे चौदा रुग्ण द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, स्वतःचं वाहन. सोमवारी नसेल तर त्यांच्याकडे पुढचं नाव तयार होतं, आणि ते त्यांनी मला गोड आवाजात सांगूनही ठेवलं होतं.

याआधी मी एक गाडी घेतली होती. एकटीने, मामाला न विचारता. चकचकीत होती आणि विकणारा फार अदबीने बोलत होता. पुराच्या पाण्यात ती सीटपर्यंत बुडाली होती हे मला सातव्या आठवड्यात कळलं, जेव्हा सिग्नलला ती थांबली ती थांबलीच. घरात तिचं नाव पडलं 'पाणबुडी'. अजूनही चार नातेवाईक जमले की कोणीतरी विचारतंच, काय मग, पाणबुडी वर आली का? मी हसते. हसण्यावाचून करणार काय? साठवलेल्यातलं जे उरलं होतं त्यात एक गाडी येत होती. त्याच्या पुढची येत नव्हती.

२ ते १०, भराभर

आम्हाला खिडकीतून बघून गाडी विकणाऱ्या काकू घाईघाईने खाली आल्या. सत्तरीच्या, बारीक, केसांना एकाच बाजूने पिन लावलेली, हातात किल्ल्यांची कापडी थैली. अकरा ठरले होते ना, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, माझं घड्याळ पुढे आहे. त्याच्या हातात घड्याळ नव्हतं.

मग तो चार पावलं मागे गेला आणि एक डोळा मिटून दारांमधल्या फटी सारख्या आहेत का ते बघितलं. रुमालात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवलं. जिथे पुट्टी भरून रंग मारलेला असतो तिथे चुंबक धरत नाही. मागच्या एका दारावर ते घसरलं. मामाने तोंड उघडायच्या आत काकूंनी सांगून टाकलं, की फाटकाचा खांब, पाचव्या वर्षी, आणि माझ्याकडून नाही, मला चालवता येत नाही, ह्यांच्याकडून. दोन दिवस धड जेवले नव्हते.

सीटचे पट्टे मामाने शेवटपर्यंत ओढून बघितले. गाडी बुडालेली असेल तर पट्ट्याच्या आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. हे तो माझ्याकडे बघत करत होता. मी वरच्या मजल्यावरच्या चादरी मोजत होते. पायाखालचे गालिचे उचलून नाकाला लावले, डिकीतल्या स्टेपनीखाली बोट फिरवलं. सगळं कोरडं. टायरांची नक्षी शाबूत होती, पण कडेच्या रबराला बारीक भेगा. "झिजले नाहीत," मामा म्हणाला, "म्हातारे झालेत." फुली. बाकी सगळ्या खुणा.

मालकाला विचारायचे प्रश्न (पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला)

किती दिवस उभी आहे?
सोळा महिने. हे गेले तेव्हापासून.

मधल्या काळात कोणी चालवली?
कोणी नाही.

कधी जास्त तापली? वाफा निघाल्या?
कधीच नाही. हे शाळेच्या प्रयोगशाळेत होते. काही तापू द्यायचे नाहीत.

का विकताय?
महिनाअखेरीला मी बहिणीकडे राहायला चाललेय. तिच्याकडे गाडी ठेवायला जागा नाही. मला ठेवायला आहे.

शेवटचं वाक्य बोलून त्या स्वतःच थोड्या हसल्या. मामा हसला नाही. तपासणी चालू असताना तो हसत नाही. काकूंनी पावत्यांची फाइल पुढे केली. सगळ्या तारखेनुसार लावलेल्या, भोकं एका रेषेत पाडलेली. ती मी घेतली.

११. तेलाचं झाकण

मामाने बोनेट उघडलं, इंजिनावरचं तेल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं केलं.

आतून ते पांढरं होतं. पिवळसर पांढरं, फेटलेल्या लोण्यासारखं, बोटाला चिकटेल इतकं दाट.

मामाने ते परत लावलं, हात पुसले आणि मला तारांच्या पलीकडे घेऊन गेला. हळू आवाजात सांगितलं. इंजिनात तेल वेगळं खेळतं आणि थंड ठेवणारं पाणी वेगळं खेळतं. दोघांची गाठ पडू द्यायची नाही म्हणून मध्ये एक पातळ पत्रा असतो, हेड गॅस्केट. तो फाटला की पाणी तेलात शिरतं, आणि आतल्या आत घुसळून हे असं पांढरं होतं. म्हणजे पूर्ण इंजिन खोलायचं. त्याचा नियम होता की झाकणाखाली पांढरं दिसलं की झाकण लावायचं आणि निरोप घ्यायचा. यादीतले पुढचे अकरा मुद्दे अशा गाडीवर वाया घालवायचे नाहीत.

मी मनात सोमवारपर्यंतचे तास मोजले.

तरी जाता जाता त्याने चावी मागितली आणि गाडी सुरू केली. ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. हे ऐकून मला बरं वाटलं, मामाचा चेहरा मात्र आणखी उतरला. खाली उतरून, इंजिन चालूच ठेवून, तो काकूंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, दोन महिने उभ्या गाडीची बॅटरी बसते. ही सोळा महिने उभी म्हणता आणि एका चावीत सुरू होते. कोणीतरी चालवतंय, आणि इंजिनात पाणी शिरलंय. वयाने मोठ्या माणसाला खोटं पाडायला मला आवडत नाही. पण माझी भाची एकदा फसलीय."

काकू कानापर्यंत लाल झाल्या. मामाने पुठ्ठा पिशवीत घातला.

यादीत नाही

इंजिन अजून चालू होतं. ते बंद करायला काकू गेल्या, पण चालकाच्या दाराकडे नाही. त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, शेजारच्या सीटवर बसल्या, पदर सावरून आडव्या झुकल्या आणि तिथून हात लांब करून चावी फिरवली. न बघता. अंधारात घरातलं बटण सापडावं तसा त्यांचा हात चावीवर गेला.

रोज रुग्णांची हालचाल बघणं हा माझा धंदा आहे. एखादी हालचाल माणसाने दोनदा केलीय की दोनशे वेळा, ते मला कळतं.

मी दाराशी जाऊन वाकले आणि विचारलं, काकू, तुम्ही ही सुरू करत असता का?

त्यांनी हळूहळू सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत. दवाखान्यात जाताना काकांनी टाकी भरून ठेवली होती. तीन आठवड्यांत घरी येतो म्हणाले होते. तोवर दर रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू कर, नाहीतर बॅटरी बसेल. गिअर मोकळा आहे हे कसं ओळखायचं त्याचं चित्रही काढून दिलं होतं. काकू शेजारच्या सीटवरूनच सुरू करायच्या, कारण दुसरी सीट काकांची. घड्याळ लावून दहा मिनिटं. अकरावं मिनिट कधी होऊ दिलं नाही. बसल्या बसल्या आठवड्यात काय काय झालं ते... इथे त्या थांबल्या आणि थैलीची नाडी ओढून घट्ट केली.

"मी येईपर्यंत कर, असं म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आता नको, असं मला कोणी सांगितलंच नाही."

मी फाइल उघडली. शेवटच्या पावतीवरचा आकडा आणि गाडीतल्या मीटरचा आकडा यांत अडतीस किलोमीटरचा फरक होता. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. मी दोन्ही मामाला दाखवलं.

१२. तेलाची पट्टी

ही अकराच्या आधी हवी होती. मामाने नंतर पुठ्ठ्यावर बाण काढून तसं केलं.

आता त्याने इंजिनाच्या पोटातली पट्टी बाहेर ओढली, पुसली, परत बुडवली, परत ओढली आणि उजेडात धरली. तेल जुनं, तपकिरी, पण नितळ. पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नाही. तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला.

"घाम आहे," तो शेवटी मला म्हणाला. "दहा मिनिटांत इंजिन कोमट होतं, तापत नाही. आतली वाफ बाहेर पडत नाही, वर जाऊन झाकणाला चिकटते. दर रविवारी थोडी थोडी." मग पट्टी परत खुपसत, "पट्टी न बघता निकाल दिला मी. याच्यासाठी गॅरेजमध्ये लोकांना शिव्या घालायचो."

काकू गाडीतून उतरून जवळ आल्या होत्या. त्यांनी सगळं नसलं तरी निम्मं ऐकलं असणार.

"माझं काही चुकलं का, भाऊ?"

मामा गाड्यांच्या बाबतीत कोणाची भीडभाड ठेवत नाही. शेजाऱ्याच्या कोऱ्या गाडीला त्याने फाटकातच नावं ठेवली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने हात पुसायला घेतले. हात आधीच पुसलेले होते.

"बॅटरी वाचली," तो म्हणाला. "ती तुमच्यामुळे, ताई."

"आणि ते पांढरं?"

"ते फिरवली की जातं."

"म्हणजे फिरवायला हवी होती."

"हो." त्याने रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "पण तुम्हाला कुठे फिरवता येत होती."

१७. चालवून बघणे

घाम म्हणजे मामाचा अंदाज होता, पुरावा नव्हता. त्याने झाकण आतून लख्ख पुसलं आणि पाण्याच्या टाकीवर पातळीची पेनाने रेघ मारली. मग मला समजावलं, की चाळीस मिनिटं मोठ्या रस्त्याने न्यायची. गॅस्केट गेलेलं असेल तर पांढरं परत येईल, पाणी रेघेखाली जाईल, तापमानाचा काटा वर चढेल. नुसता घाम असेल तर यातलं काही होणार नाही. काकूंना म्हणाला, गाडी तुमची आहे, तुम्हीही चला. त्या वर जाऊन चपला बदलून आल्या. पर्स घेऊन, आणि केसांना दुसऱ्या बाजूनेही पिन लावून.

मामा गुडघे आवळत मागे बसला. काकू त्यांच्या जागेवर. मी चालकाच्या सीटवर बसले आणि माझे पाय हवेतच राहिले. सीट खूप मागे होती. उंच माणसाच्या पायांची ती जागा. मी कडेवर सरकून बसले, पाठ टेकली नाही आणि क्लच कसाबसा बोटांनी दाबला.

मामा मागून म्हणाला, पाय पोचत नाहीयेत, सीट ओढ ना पुढे.

मी काकूंकडे बघितलं. त्या सीटखालच्या दांडीकडे बघत होत्या.

"ओढू?"

"ओढ," त्या म्हणाल्या. "चालवायची आहे ना."

सीट कर्रकन तीन खाचा पुढे आली.

शेजारच्या सीटवरून दिसणारी गाडी

पंपावर जाऊन पेट्रोल घेतलं आणि मोठ्या रस्त्याला लागलो. पहिल्या तीन ब्रेकना चाकं किंचाळली. मागून मामा म्हणाला, गंज आहे, निघून जाईल. सायलेन्सर पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. मामाला आवाज ऐकायचे होते, म्हणून त्याने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. काकू जेमतेम एक चौक गप्प बसल्या. मग मला जे कळलं ते असं:

दुसऱ्या गिअरला घाई केलेली चालत नाही, जरा थांबून मागायचा.

त्यांच्या बाजूची काच खाली आपोआप जाते, वर येताना हात धरून आणावी लागते.

पुढच्या कप्प्याचं दार गुडघ्याने ढकललं तरच बसतं. त्या जागेवर गुडघा बरोबर पोचतो. उंच माणसाचा वरच अडेल.

पाऊस आडवा आला की पायाशी डावीकडे एक थेंब येतो. एकच. अकरा वर्षांत दुसरा आला नाही.

सूर्य समोर असला की काकांना पाटी वाचता यायची नाही. पाट्या काकूंकडे, रस्ता काकांकडे.

आणि काकूंच्या पायाखालीही एक ब्रेक आहे. ट्रक जवळ आला की त्या तो दाबत. काका म्हणायचे, तुझाच जास्त लागतो. हे सांगतानाच एक ट्रक आडवा आला, त्यांचा पाय गालिच्यावर रुतला, मी माझा ब्रेक दाबला, आणि मागून मामा म्हणाला की दोन्ही व्यवस्थित आहेत.

वीस मिनिटांनी त्या बोलायच्या थांबल्या. काच खाली केली. मामाने आवाज ऐकायला मान पुढे काढली, पण काच वर करा असं काही त्यांना सांगितलं नाही.

२२. निकाल

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकासमोर मोकळी जागा होती, तिथे थांबलो. गरम इंजिनाची झाकणं उघडायची नसतात, म्हणून वीस मिनिटं थांबायचं होतं. काकू कुंपणाच्या कडेने चालत गेल्या आणि परत आल्या. मी घड्याळ बघत होते. मामाने पुठ्ठ्याने वारा घेतला.

मग त्याने आधी पाणी बघितलं. रेघेवर. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं, कोरडी काजळी. शेवटी तेलाचं झाकण काढून उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. आतून काळं, तेलाने चमकणारं. पांढरं नव्हतं.

"ऐंशी टक्के," मामा म्हणाला. "शंभर मी माझ्या लग्नालाही दिले नव्हते. टायर चारही बदलायचे, सायलेन्सर वर्षभरात जाईल, तेल उद्याच्या उद्या. उरलेल्या वीस टक्क्यांचं काय करायचं ते तू सांग."

मी झाकण हातात घेतलं. मागच्या वेळी मला सगळं चकचकीत दाखवलं होतं, आणि मी एकही प्रश्न विचारला नव्हता. आज मला हट्टी दुसरा गिअर, खांबाला घासलेलं दार, पायाशी पडणारा थेंब एवढं सगळं न विचारता सांगितलं गेलं होतं. आणि जे सांगायची लाज वाटत होती, तेही. मामा फक्त इंजिनाचे टक्के काढत होता. उरलेले वीस मला या बाईच्या तोंडून मिळाले होते.

माझं गप्प राहणं काकूंनी वेगळंच धरलं. "नाही घेतलीत तरी मला राग नाही हं," त्या म्हणाल्या. "फक्त घरी तेवढं सोडा."

"घेते," मी म्हणाले.

त्यांनी लगेच टायरांसाठी किंमत कमी केली. मामा म्हणाला, एवढी नको, टायर काही सोन्याचे नसतात. मग थोडा वेळ विकणारी बाई किंमत खाली ओढतेय आणि घेणाऱ्याचा मामा वर चढवतोय असं चाललं. मी मध्ये पडून मधला आकडा काढला. कागदांवरच्या सह्या दुपारी त्यांच्या घरी करायच्या ठरल्या. सोमवारी सकाळी साडेआठला माझी पहिली रुग्ण होती. मोडलेला खुबा, दुसरा मजला. मी केंद्राला फोन करून सांगितलं की येतेय.

परत निघालो तेव्हा काकूंनी विचारलं, "रविवारी तुला सुट्टी?"

मी हो म्हणाले.

"मग फिरवून आण. नुसती सुरू करून बसू नकोस. दहा मिनिटांत काही होत नाही."

"फिरवून आणेन."

त्या मान हलवून पुढे बघायला लागल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. चौक आला. मी उजवीकडे वळायचा दिवा लावला.

"डावीकडे घे," काकू म्हणाल्या.

घर तर उजवीकडे आहे ना, असं मी विचारलं. डावीकडचा रस्ता तळ्याला वळसा घालून जात होता, चांगला अर्ध्या तासाचा.

"आहे उजवीकडेच. पण इंजिन नीट तापायला नको का?"

मी आरशात मामाकडे बघितलं. तो दोन्ही सीटांच्या मधून पुढे झुकला आणि तापमानाच्या काट्यावर त्याने नजर टाकली. काटा कधीचा मधोमध येऊन स्थिर बसला होता, याहून जास्त तापायचं काही कारण नव्हतं.

"अजून पुरतं तापलेलं नाही," मामा म्हणाला आणि मागे टेकून बसला.

मी उजवा दिवा बंद केला, डावा लावला. दुसऱ्या गिअरपाशी जरा थांबले, आणि मग त्याला मागितलं.